घरघर कोठून येते?

अंकरूप संगीतश्रवणातील विद्युत्-गोंगाट आणि तारांची निवड : एक अभ्यास

संगीत ऐकण्याची साधने आपल्या डोळ्यांदेखत पालटली. तबकड्या गेल्या, फिती गेल्या, आणि आता घरातील गाणे आंतरजालावरून येऊन राउटरच्या लहानशा पेटीतून दिवाणखान्यात उतरते. आपल्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळांच्या घरी वडील मंडळी जुन्या गवयांची ध्वनिमुद्रणे अशा रीतीने ऐकतात आणि मुले त्यांना ती शोधून देतात. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. तथापि तिच्याबरोबर एक तक्रारही घरोघर ऐकू येते. गाणे येते, पण त्याच्या मागे काहीतरी घरघरत राहते.

या तक्रारीवर बाजाराचे उत्तर ठरलेले आहे, ते म्हणजे अधिक महाग तार. हे उत्तर कोठे खरे आहे, कोठे खोटे आहे, आणि सामान्य गृहस्थाने या कामी पैसा कोठे खर्चावा व कोठे राखावा, याचा क्रमवार विचार प्रस्तुत लेखात योजिला आहे. विषय विद्युत्-शास्त्राचा असला तरी त्यातील मुख्य तत्त्व घरातील कोणासही समजण्याजोगे आहे. त्यासाठी प्रथम आमच्याच घरी घडलेली हकीकत सांगणे सोयीचे होईल.

आमच्या तीर्थरूपांना जुन्या मैफलींचे वेड. त्यांच्यासाठी आम्ही आंतरजालावरील संगीत घेणारे एक यंत्र, अंकांचे ध्वनिलहरींत रूपांतर करणारे दुसरे यंत्र (यास व्यवहारात डॅक म्हणतात), एक अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर अशी जुळणी केली. टीव्हीचा आवाजही त्याच स्पीकरांतून यावा म्हणून टीव्हीची एक तार अॅम्प्लिफायरला जोडली. पहिल्याच संध्याकाळी काळी एकमध्ये गाणाऱ्या एका गवयाचे ध्वनिमुद्रण लावले. तीर्थरूप दोन मिनिटे स्वस्थ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "अरे, हा दुसरा तंबोरा कोणी बेसूर लावला आहे?"

दुसरा तंबोरा नव्हताच. ती यंत्रांची घरघर होती. परंतु त्यांचा शब्द अक्षरशः खरा होता, हे पुढे गणित केल्यावर आमच्या ध्यानी आले. आपल्या देशातील घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तिच्यापासून उठणारी घरघर ५० आणि तिच्या पटीतील १००, १५० अशा आवर्तनांची असते. लहान स्पीकरांतून ५० चा स्वर क्षीण येतो व १०० चा स्पष्ट येतो. काळी एकचा मध्य षड्ज सुमारे १३९ आवर्तनांचा, आणि तंबोऱ्याच्या खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९ आवर्तनांची. त्या मंद्र सप्तकात तीव्र मध्यम सुमारे ९८ वर पडतो आणि पंचम १०४ वर. विजेची १०० ची घरघर या दोहोंच्या मध्ये, कोणत्याच स्वरावर न बसता, अखंड वाजत राहते. ज्याचा कान तंबोऱ्यावर घडला आहे त्याला ती का सोसवत नाही, हे यावरून कळेल.

आम्ही दुकानी गेलो. विक्रेत्याने यंत्र न पाहताच निदान केले की तारा हलक्या आहेत. महिन्याच्या किराण्याइतकी किंमत देऊन आम्ही जाड वेष्टनाची, सोनेरी टोकांची एक यूएसबी तार घरी आणली. घरघर तसूभरही कमी झाली नाही. ती का झाली नाही, हे समजण्यासाठी संगीताचा घरातील प्रवास पाहिला पाहिजे.

१. एका मार्गाचे दोन भाग

संगीताच्या या प्रवासाचे दोन भाग आहेत. राउटरपासून डॅकपर्यंतच्या पहिल्या भागात संगीत अंकरूप असते. डॅकपासून स्पीकरपर्यंतच्या दुसऱ्या भागात ते लहररूप असते. या दोन भागांचे नियम भिन्न आहेत, आणि तारांविषयीचा बहुतेक सारा घोटाळा एका भागाचा नियम दुसऱ्यास लावल्यामुळे होतो.

अंकरूप म्हणजे काय, हे १९८२ साली विक्रीस आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या उदाहरणाने पाहू. तीत डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंच्या आवाजाचे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले असते, आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिलेले असते. बिट म्हणजे शून्य किंवा एक, यांखेरीज तिसरे काही नाही. गुणाकार केला असता सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. तारेतून जाताना हे बिट विजेच्या दाबाच्या चढउताराने जातात. पलीकडील यंत्रास एवढेच ठरवायचे असते की आलेले चिन्ह शून्याचे की एकाचे.

येथेच अंकरूप मार्गाचे बळ आहे. पत्रातील अक्षर थोडे वाकडे आले तरी वाचणारा 'क' ला 'क'च वाचतो, आणि नक्कल करताना तो सरळ वळणाचा 'क' लिहितो. वाकडेपणा पुढे जात नाही. यूएसबीच्या जलद मार्गावरील चिन्ह सुमारे ४०० मिलिव्होल्टचे असते. त्यात काही मायक्रोव्होल्टांची घरघर मिसळली तरी शून्याचा एक होत नाही.

लहररूप मार्गास हे बळ नाही. तेथे विजेचा दाब हाच आवाज असतो. त्यात जे मिसळेल ते आवाजाचाच भाग होऊन अॅम्प्लिफायरमधून वाढून बाहेर येते. डॅकमधून निघणारा मोठ्यांत मोठा आवाज साधारणतः २ व्होल्टचा असतो. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या असतात. तेव्हा सर्वांत लहान पायरी सुमारे ३० मायक्रोव्होल्टची, म्हणजे एका व्होल्टच्या लाखाव्या भागांपैकी तीन भाग. इतक्या नाजूक मार्गात घरातील २३० व्होल्टच्या विजेचा अल्पसा अंश शिरला तरी तो ऐकू येतो, यात नवल ते काय?

यावरून आमच्या सोनेरी तारेचे अपयश स्पष्ट होईल. आम्ही तार बदलली ती पहिल्या भागातील, आणि घरघर शिरत होती ती दुसऱ्या भागात.

२. अंकरूप तारा : काय करितात आणि काय करीत नाहीत

राउटरपासून येणारी इथरनेटची तार प्रथम घेऊ. या मार्गाने माहिती लहान लहान गठ्ठ्यांत येते. प्रत्येक गठ्ठ्यासोबत त्याच्या हिशेबाचा ताळा येतो. ताळा जुळला नाही तर तो गठ्ठा टाकून दिला जातो आणि सामान्यतः पुन्हा मागविला जातो. आलेले गठ्ठे यंत्राच्या स्मरणकोशात साठून मग वाजविले जातात. म्हणून या तारेत खरोखर दोष असेल तर गाणे अडखळते किंवा थांबते. ते चालू राहून तंबोरा मात्र कमी गोड लागला, असे होत नाही. प्रमाणित साधी कॅट ५ई जातीची तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला शंभर कोटी बिट वाहून नेते. त्यापुढे संगीताचे चौदा लक्ष बिट म्हणजे ओझेच नव्हे.

या तारेचा आणखी एक गुण थोड्यांस ठाऊक असतो. इथरनेटच्या तारेची टोके ज्या खाचांत बसतात त्यांच्या आत बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, आणि १५०० व्होल्टचा दाब सोसण्याइतके त्यांचे विलगीकरण असावे असा प्रमाण-नियम आहे. त्यामुळे साध्या, धातूचे कवच नसलेल्या तारेने राउटर आणि संगीतयंत्र यांच्या विद्युत्-जमिनी एकमेकींस जोडल्या जात नाहीत. उलट कवच असलेली, धातूच्या टोकांची महाग तार कित्येकदा ही जोडणी करून बसते. घरगुती उपयोगास साधी तार केवळ पुरेशी नव्हे, तर पुष्कळदा अधिक बरी होय.

यूएसबीची गोष्ट थोडी निराळी आहे. यूएसबीवरून वाजणाऱ्या संगीतात चुकलेला गठ्ठा पुन्हा मागविण्याची सोय नाही. म्हणून तार ५ मीटरांहून लांब नसावी, आणि शक्यतो दीड-दोन मीटरांचीच घ्यावी. खराब तारेत चूक झाली तर ती टकटक किंवा क्षणभर खंड या रूपाने ऐकू येते. बिटांच्या कालमापनाची चिंताही पूर्वीइतकी उरलेली नाही. आजच्या बहुतेक चांगल्या डॅकमध्ये डॅकचे स्वतःचे घड्याळ वेग ठरविते व पाठविणारे यंत्र त्याच्या मागून चालते.

परंतु यूएसबीच्या तारेत अंकांच्या जोडीबरोबर वीज पुरविणारी एक आणि जमिनीची एक अशा आणखी दोन तारा असतात. संगणकाच्या पोटातील विद्युत्-गोंगाट या दोन तारांवरून डॅकमध्ये शिरू शकतो, आणि तेथून लहररूप भागात उतरू शकतो. माऊस हलविला की स्पीकरांतून चिरचिर येते, असा अनुभव काहींस असेल. त्याचे कारण हेच. येथे अंक बिघडलेले नसतात, तर अंकांच्या शेजारच्या वाटेने गोंगाट आलेला असतो. तार कितीही शुद्ध तांब्याची असली तरी ही वाट बंद होत नाही. ती जितकी उत्तम वाहक, तितकी वाट मोकळी.

ही वाट खरोखर बंद करणारी तार म्हणजे प्रकाशाची तार. जपानातील तोशिबा कंपनीने १९८३ साली काढलेल्या या तारेस टॉसलिंक म्हणतात. तीत तांबे नाही. बारीक प्लास्टिकच्या तंतूतून तांबड्या प्रकाशाच्या उघडझापेने बिट जातात. दोन यंत्रांमध्ये विजेचा संबंधच उरत नाही. ती काही मीटरांपर्यंतच वापरावी आणि तिला तीव्र बाक देऊ नये, एवढी काळजी पुरे.

३. गोंगाटाची उगमस्थाने

आता गोंगाट कोठे जन्मतो ते पाहू. घरगुती जुळणीत त्याची मुख्य उगमस्थाने चार आहेत.

पहिले व सर्वांत मोठे उगमस्थान म्हणजे जमिनीचा फेरा. दोन यंत्रे दोन निराळ्या वाटांनी जमिनीशी जोडलेली असली, आणि त्याच दोन यंत्रांना आवाजाची तारही जोडीत असली, तर एक बंद वळसा तयार होतो. दोन्ही जमिनींचा दाब तंतोतंत सारखा कधीच नसतो. त्या फरकामुळे वळशातून विजेचा प्रवाह वाहतो, आणि आवाजाच्या साध्या तारेचे कवच हे त्याचे वाहन होते. हिशेब पाहा. कवचाचा रोध ०.०५ ओहम आणि प्रवाह केवळ १ मिलिअँपिअर धरला तरी ५० मायक्रोव्होल्टची घरघर निर्माण होते. वर सांगितलेल्या सर्वांत लहान पायरीहून ती मोठी झाली.

दुसरे उगमस्थान भ्रमणध्वनी, राउटर आदींचे हलके अॅडॉप्टर. यांत विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडला जातो. ही तोडजोड स्वतः कानास ऐकू येत नाही, पण तिची गळती डॅकच्या तारांवर स्वार होते. अशा दोन पिनांच्या अॅडॉप्टरवर चालणाऱ्या यंत्राच्या धातूवर बोट फिरविले असता कधी कधी बारीक मुंग्या जाणवतात, ती हीच गळती.

तिसरे उगमस्थान घरातील इतर उपकरणे. दिव्याचा प्रकाश मंद करणारे बटण, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, हलके एलईडी दिवे, आणि वीज गेल्यावर चालू होणारा स्वस्त इन्व्हर्टर हे त्यांतील प्रमुख. इन्व्हर्टरची लहर गोल नसून चौकोनी असली तर एरव्ही शांत असलेली जुळणीही घरघरू लागते. जुन्या पद्धतीच्या टू-जी जाळ्यावर बोलणारा भ्रमणध्वनी तारेजवळ ठेवला असता येणारी टुरटुर सेकंदाला २१७ ठोक्यांची असते. त्यावर उपाय फोन दूर ठेवणे एवढाच.

चौथे उगमस्थान पदार्थाच्या स्वभावातच आहे. कोणत्याही रोधात उष्णतेमुळे विद्युत्कणांची अविरत चळवळ चालू असते व तिच्यापासून सूक्ष्म सळसळ निघते. १९२८ साली जॉन्सन यांनी ती मोजून दाखविली आणि नायक्विस्ट यांनी तिचे गणित दिले. कान स्पीकरला टेकवून ऐकू येणारी मंद सळसळ बहुधा याच जातीची असते. बसण्याच्या जागेवरून ती ऐकू येत नसेल तर तिच्या मागे लागू नये.

४. शोध कसा घ्यावा

औषधाआधी निदान हा वैद्यकाचा नियम येथेही लागू आहे. पुढील परीक्षांना एक पैचाही खर्च नाही. प्रत्येक वेळी तार काढण्यापूर्वी अॅम्प्लिफायर बंद करावा, नाहीतर स्पीकरला धक्का पोचतो.

प्रथम गाणे थांबवावे. घरघर त्यासोबत थांबली तर ती मूळ ध्वनिमुद्रणातच आहे. जुन्या तबकड्यांवरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणांत खरखर असावयाचीच. जगातील कोणतीही तार ती काढू शकत नाही. घरघर चालूच राहिली तर दोष घरचा समजावा.

दुसरे, आवाजाचे बटण पूर्ण खाली करावे. तरीही घरघर तेवढीच राहिली तर तिचे मूळ अॅम्प्लिफायरच्या आत किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात आहे. ती बटणाबरोबर कमीजास्त झाली तर मूळ अलीकडे आहे.

तिसरे, अॅम्प्लिफायरला जोडलेल्या तारा एकेक करून काढाव्यात व दर वेळी ऐकावे. जी तार काढताच शांतता होते, तिच्या पलीकडे शोध घ्यावा.

चौथे, संगणक किंवा फोन असेल तर त्याचा अॅडॉप्टर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. गोंगाट गेला तर अॅडॉप्टर हीच वाट.

पाचवे, बाहेरून घरात येणारी प्रत्येक तार, विशेषतः टीव्हीच्या छत्रीची किंवा केबलची जाड तार, क्षणभर सोडवून पाहावी. ती तार बहुधा गच्चीवर किंवा शेजारच्या इमारतीत निराळ्याच ठिकाणी जमिनीशी जोडलेली असते.

आमच्या घरी तिसऱ्या व पाचव्या परीक्षेने निकाल लागला. टीव्हीची आवाजाची तार काढली आणि घरघर थांबली. ती पुन्हा जोडून छत्रीची तार सोडविली, तरीही थांबली. वळसा असा होता : अॅम्प्लिफायर भिंतीतील अर्थिंगला जोडलेला, टीव्ही छत्रीमार्गे गच्चीवरील लोखंडाला जोडलेला, आणि दोहोंच्या मध्ये आमची आवाजाची तार. संगीतयंत्राचा या घरघरीशी काही संबंधच नव्हता, मग त्याची यूएसबी तार बदलून काय होणार? टीव्हीपासून अॅम्प्लिफायरला येणारी ती तार आम्ही काढून टाकली आणि टीव्हीपासून डॅकपर्यंत दोन मीटरांची साधी प्रकाशाची तार लावली. सोनेरी तारेच्या किंमतीचा दहावा हिस्साही तिला पडला नाही. त्या रात्री खर्जाची तार प्रथमच एकटी वाजली.

५. जे कदापि करू नये

परंतु या शोधापूर्वी आमच्या हातून एक अपराध घडला होता. तो सांगणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे, असे म्हटले तरी चालेल.

एका स्नेह्यांनी सल्ला दिला की, अॅम्प्लिफायरच्या प्लगमधील अर्थिंगची जाड पिन काढून टाका म्हणजे घरघर जाईल. आम्ही तसे केले आणि घरघर तत्काळ गेली. आम्हांस परमानंद झाला. चार दिवसांनी साफसफाईसाठी टीव्हीच्या सर्व तारा सोडविलेल्या होत्या. आमच्या वहिनींनी ओल्या फडक्याने अॅम्प्लिफायरची धातूची पेटी पुसावयास घेतली आणि किंकाळी फोडून हात मागे घेतला. इजा झाली नाही. परंतु त्या दिवशी घरातील कोणाच्याही घशाखाली नीट घास उतरला नाही.

काय घडले होते? अॅम्प्लिफायरच्या आतून जी अल्पशी गळती नित्य अर्थिंगवाटे जमिनीत जात होती, तिची वाट आम्ही कापली होती. ती पेटीवर येऊन थांबली व वहिनींच्या हातातून गेली. ही गळती क्षुद्र होती म्हणून झिणझिण्यांवर निभावले. पेटीच्या आत एखादी तार सुटून धातूला टेकली असती तर तोच दाब पूर्ण २३० व्होल्टचा झाला असता. अर्थिंगची वाट शाबूत असते तेव्हा अशा प्रसंगी मोठा प्रवाह जमिनीत जाऊन फ्यूज वितळतो किंवा स्विच पडतो. वाट कापलेली असते तेव्हा पेटी मुकाट्याने प्राणघातक होऊन बसते आणि पहिल्या स्पर्शाची वाट पाहते.

म्हणून आमची सर्व कुटुंबांस हात जोडून विनंती आहे. घरघरीसाठी अर्थिंगची पिन कापू नये, तीवर चिकटपट्टी गुंडाळू नये, तीन पिनांच्या यंत्रास दोन पिनांच्या जोडप्लगने वीज देऊ नये. फेरा तोडावयाचा असेल तर तो आवाजाच्या तारेत तोडावा, विजेच्या तारेत कदापि नव्हे. घरातील अर्थिंग नीट आहे की नाही हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारा स्विच नसल्यास तो बसवून घ्यावा. या दोन कामांत घातलेला पैसा कोणत्याही तारेत घातलेल्या पैशाहून सार्थकी लागतो.

६. तारांची निवड

इतके ध्यानी घेतल्यावर निवड अवघड राहत नाही.

सर्व संगीतयंत्रे शक्यतो भिंतीतील एकाच सॉकेटवरून, एका चांगल्या तीन पिनांच्या पट्टीतून चालवावीत. त्यामुळे त्यांच्या जमिनींतील दाबाचा फरक कमी होतो. त्या पट्टीवर इस्त्री, शेगडी असली भारी उपकरणे लावू नयेत. विजेच्या विशेष तारांवर खर्च करण्याचे कारण नाही. भिंतीच्या आड कित्येक मीटर साधी तांब्याची तार आहेच. अखेरच्या दीड मीटरने त्या विजेचे रूप पालटत नाही. प्लग घट्ट बसतो की नाही, एवढे पाहावे.

अंकरूप मार्गासाठी साधी, प्रमाणित, योग्य लांबीची तार घ्यावी. टीव्ही किंवा संगणक यांच्याकडून गोंगाट येत असेल तर प्रकाशाची तार वापरावी. यूएसबीखेरीज सोय नसेल तर विलगीकरण करणारी लहान पेटी मध्ये घालता येते. तारेवर चढविण्याचे फेराइटचे कडे रेडिओ-जातीच्या उच्च आवर्तनांच्या गोंगाटावर उपयोगी आहे. ५० आवर्तनांच्या घरघरीवर त्याचा काही इलाज चालत नाही.

डॅक ते अॅम्प्लिफायर या लहररूप मार्गात मात्र तारेची प्रत खरोखर महत्त्वाची आहे. पण ती सोन्याने किंवा किंमतीने ठरत नाही. तार आखूड असावी, कवच दाट विणीचे व कमी रोधाचे असावे, आणि टोके घट्ट बसणारी असावीत. कवचाचा रोध निम्मा झाला तर वर दाखविलेली घरघरही साधारण निम्मी होते. बेळगाव-गोव्याकडील पावसाळी हवेत टोकांवर मळ चढून खरखर येते. वर्षातून एकदोनदा यंत्रे बंद करून टोके काढून कोरड्या फडक्याने पुसावीत व पुन्हा बसवावीत. आवाजाच्या तारा विजेच्या तारांना समांतर बांधू नयेत. एकमेकींवरून न्याव्या लागल्यास काटकोनात न्याव्यात.

यंत्रांना तीन पिनांच्या गोल तोंडाची, म्हणजे समतोल जोडणीची सोय असेल तर ती अवश्य वापरावी. तीत पीळ दिलेल्या दोन तारांवरून एकच आवाज उलटसुलट रूपाने जातो. बाहेरचा गोंगाट दोहोंवर सारखाच बसतो, आणि पलीकडचे यंत्र दोहोंतील फरकच तेवढा घेत असल्यामुळे गोंगाट गळून पडतो. पीळ दिलेल्या जोडतारेचे हे तत्त्व टेलिफोनसाठी शोधले गेले व अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली त्याचे पेटंट घेतले. सव्वाशेहून अधिक वर्षे गेली, तरी गोंगाटावर याहून साधा उपाय सापडलेला नाही.

स्पीकरच्या तारेत पाहावयाची एकच गोष्ट, ती म्हणजे जाडी. ५ मीटर अंतरावरील स्पीकरला जाऊन येऊन १० मीटर तांबे लागते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याचा रोध सुमारे ०.११ ओहम होतो, आणि अडीचच्या तारेत ०.०७. आठ ओहमच्या स्पीकरापुढे दोन्ही नगण्य आहेत. चार ओहमचा स्पीकर किंवा अधिक अंतर असेल तर अडीचची घ्यावी. तार तांब्याचीच असल्याची खात्री करावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तारा तांब्याच्या म्हणून विकल्या जातात व त्यांचा रोध अधिक असतो.

७. कानाची परीक्षा

येथे कोणी म्हणेल की, महाग तार लावल्यावर आम्हांस फरक स्पष्ट ऐकू आला. आम्ही त्यांस खोटे म्हणत नाही. ज्या वस्तूस मोठी किंमत दिली तिच्याकडून मन काही अपेक्षा करते, आणि कान मनाच्या सांगण्यातले असतात. म्हणून परीक्षा डोळ्यांआड घ्यावी. चिरंजीवांस किंवा सुनेस नाणेफेक करून साधी किंवा महाग तार लावावयास सांगावे. कोणती लावली ते ऐकणाऱ्यास दिसू नये, आणि आवाजाच्या बटणास हात लावू नये. असे दहा वेळा करून प्रत्येक वेळी कोणती तार ते लिहून ठेवावे. पाच-सहा उत्तरे बरोबर आली तर ती नाण्याचीच करामत. नऊ किंवा दहा बरोबर आली तर मात्र फरक मानावा, कारण केवळ अंदाजाने तसे घडण्याचा संभव १०२४ मध्ये ११, म्हणजे शेकडा एकाच्या आसपास आहे.

आम्ही ही परीक्षा आमच्या सोनेरी तारेवर घेतली. परीक्षक तीर्थरूप स्वतः होते. दहांपैकी पाच उत्तरे बरोबर आली. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "तार राहू दे. तो बेसूर तंबोरा गेला, एवढे मला पुरे आहे."

एतावता सार इतकेच की, घरघर ही वस्तूची उणीव नसून वाटेचा दोष आहे, आणि वाट शोधल्यावाचून वस्तू बदलणे व्यर्थ आहे. आज रात्री गाणे थांबवून क्षणभर आपल्या स्पीकरकडे कान द्यावा. काही ऐकू आले तर चौथ्या प्रकरणातील पहिल्या परीक्षेपासून आरंभ करावा. आणि जुळणी जुनी असो वा नवी, उजेडी तिच्या प्रत्येक प्लगची जाड पिन जागेवर आहे की नाही, हे अगोदर पाहून घ्यावे.